परिचारिकेची नोंदणी आणि वॉर्डातील जबाबदारी : वाचकांचे प्रश्न

बारावीनंतरच्या आरोग्यसेवेतील अभ्यासक्रमांविषयी मागील अंकात माहिती दिल्यानंतर आलेल्या पत्रांत परिचर्येविषयीची पत्रे सर्वाधिक होती. त्यांतील निवडक पत्रांना, पत्रलेखकांची नावे न छापता, येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः आधी वॉर्डात अधिपरिचारिका आणि नंतर पाठ्यनिर्देशिका (परिचर्या शिकवणारी शिक्षिका) म्हणून काम केलेले असल्यामुळे काही ठिकाणी माझी मते स्पष्टपणे मांडली आहेत. ती वाचकांनी मते म्हणूनच घ्यावीत.

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत ५८ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. नीटमध्ये तिचे जमले नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एक संस्था प्रवेश परीक्षेशिवाय एका वर्षात ‘नर्सिंग डिप्लोमा’ देते आणि नोकरीची हमीही देते. नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी हा मार्ग चालेल का?
(एक पालक, परभणी जिल्हा)

नाही, चालणार नाही. पैसे भरण्यापूर्वी आपण विचारले हे फार बरे झाले.

महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली होते आणि ती महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. ‘नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका (प्रसूती करणारी परिचारिका)’ म्हणून या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागण्यासाठी सध्या दोनच दारे आहेत. एक जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, आणि दुसरे चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग. दोन वर्षांच्या एएनएम अभ्यासक्रमाचीही नोंदणी होते, परंतु ती सहायक परिचारिका-प्रसाविका म्हणून होते. गावोगावच्या उपकेंद्रांतून लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि कुटुंबकल्याणाचे काम याच परिचारिका सांभाळतात. त्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही, फक्त नोंदवहीतील तो भाग वेगळा आहे, एवढे लक्षात असावे.

एका वर्षाच्या किंवा त्याहून कमी मुदतीच्या ‘नर्सिंग’ वर्गांतून बाहेर पडणारी मुलगी फार तर रुग्णसाहाय्यक होते. रुग्णसाहाय्यकांचे शासनमान्य कौशल्य अभ्यासक्रमही आहेत आणि रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरवणे ही त्यांची कामे रुग्णालयात अत्यंत गरजेची असतात. फसवणूक होते ती हा अभ्यासक्रम परिचारिकेचा म्हणून विकला जातो तेव्हा. नोकरीची हमी एका अर्थी खरीही असते, कारण कमी पगारात पांढरा गणवेश घालून इंजेक्शने देणारी मुलगी काही लहान नर्सिंग होमना हवीच असते. पण एखाद्या रुग्णाला औषधाची रिअॅक्शन आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, तर ज्या कामाचा तिला अधिकारच नव्हता ते काम केल्याबद्दल ती एकटी पडते आणि मालक हात वर करतो.

आता आपल्या मुलीपुरते. बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण हवेत आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली हवीत. ५८ टक्के हे एकूण गुण असल्यामुळे या तीन विषयांची बेरीज वेगळी करून पाहावी. राज्यातील प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या नर्सिंग प्रवेश परीक्षेतून होतात. त्यामुळे नीटमध्ये जमले नाही म्हणून ही वाट बंद झालेली नाही. लष्करी परिचर्या सेवेत जाणाऱ्या मुलींसाठी मात्र नीट लागते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंग महाविद्यालयात बीएस्सी करून लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळवण्याचा तो वेगळा आणि मानाचा मार्ग आहे. जीएनएमसाठी विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी इतर शाखांचीही मुले पात्र ठरतात. त्या प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या शासकीय सूचनेत पाहावी, एजंटाच्या तोंडून ऐकू नये.

महाविद्यालय निवडताना काय तपासावे, हे थोडे विस्ताराने सांगते. संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता किती जागांसाठी आहे, बीएस्सी असल्यास ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आणि जीएनएम असल्यास महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाशी संलग्न आहे का, हे संस्थेने दाखवलेल्या झेरॉक्सवर न जाता परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत पडताळावे. त्यानंतर विद्यार्थिनी प्रत्यक्ष शिकतात ते रुग्णालय सकाळी जाऊन पाहावे. तेथे खाटा भरलेल्या आहेत का, प्रसूतीगृहात प्रसूती होतात का, शिकणाऱ्या मुली रुग्णाजवळ उभ्या आहेत की वर्गातल्या पुतळ्याजवळ, हे डोळ्यांनी दिसते. इमारत, वसतिगृह आणि स्वागतकक्षातील सोफा सर्वांत शेवटी पाहिला तरी चालेल. ज्या मुलीने शिकतानाच रक्तस्राव होणारी बाळंतीण पाहिली नाही, तिला ती पहिल्यांदा नोकरीत भेटणार असते, आणि त्या वेळी शेजारी शिक्षिका नसते.

शुल्काचा प्रश्न असल्यास, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून शुल्काची पूर्ण सवलत आहे. आपण पाहात असलेल्या महाविद्यालयाला आणि अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे प्रवेश अर्ज भरतानाच विचारावे. संस्थास्तरावरच्या जागेवर प्रवेश घेतल्यानंतर विचारून उपयोग होत नाही.

प्रश्न : जीएनएम करावे की बीएस्सी? नातेवाईक म्हणतात, जीएनएमला आता किंमत राहिलेली नाही.
(एक विद्यार्थिनी, सांगली)

नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. शिकवायचे असेल, एमएस्सी करायचे असेल किंवा परदेशी जायचे असेल तर पदवीचा उपयोग निश्चित होतो आणि परिचर्येचे शिक्षण हळूहळू पदवीकडे सरकते आहे. परंतु रुग्णाच्या खाटेजवळ दोघींची नोंदणी एकाच दर्जाची असते, शासकीय रुग्णालयात दोघींचीही सुरुवात अधिपरिचारिका म्हणून होते, आणि जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. मोठ्या शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत जीएनएमची जागा मिळत असेल आणि दुसरीकडे रुग्णच नसलेल्या खासगी महाविद्यालयात कर्ज काढून बीएस्सी करावे लागत असेल, तर मी डोळे मिटून पहिली जागा घ्यायला सांगेन.

प्रश्न : मी मुलगा आहे. मला हे काम मनापासून करायचे आहे, पण मुलांना नोकरी मिळत नाही असे सगळे सांगतात.
(एक विद्यार्थी, नंदुरबार)

मिळते, मात्र जागा कमी असतात हे खरे आहे. दिल्लीच्या एम्सकडून देशभरातील एम्स संस्थांसाठी जी नर्सिंग अधिकाऱ्यांची सामायिक परीक्षा होते, तिच्यात २०१९ पासून ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी ठेवलेल्या आहेत. अशी विभागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद महिला रुग्णांच्या सोयीचा असतो, आणि प्रसूती विभागापुरता तो मला पटतो. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, अपघात विभाग, डायलिसिस आणि मनोरुग्णालये येथे मात्र ‘ब्रदर’ मंडळींची गरज इतकी उघड आहे की खासगी रुग्णालये त्यांना आवर्जून घेतात. प्रसूतीशास्त्र तुम्हालाही शिकावे लागेल, त्याची परीक्षाही द्यावी लागेल आणि नोंदणी प्रसाविका म्हणूनही होईल. त्या विषयाला टाळाटाळ करणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांनी तसे करू नये.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी नोंदणी मिळवून मी एका खासगी रुग्णालयात लागले. रात्री वॉर्डात २४ रुग्ण असतात आणि आम्ही दोघी. डॉक्टर फोनवर औषध सांगतात, आम्ही देतो. काही चुकले तर जबाबदार कोण? शिकलेले सगळे पुस्तकातच राहते असे वाटू लागले आहे.
(एक परिचारिका, पुणे)

जबाबदारी डॉक्टरांची असते, रुग्णालयाची असते आणि तुमचीही असते. ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले’ हा नोंदणीकृत परिचारिकेचा पूर्ण बचाव होऊ शकत नाही. औषध कोणते, मात्रा किती, मार्ग कोणता, याची शंका यायला हवी इतके शिक्षण तुम्ही घेतले आहे असे कायदा गृहीत धरतो, आणि नोंदणी त्यासाठीच दिलेली असते.

आधी फोनवरच्या आदेशाविषयी. खरी तातडी असेल तेव्हा तोंडी आदेश घ्यावा लागतो, परंतु तो ऐकताच लिहून घ्यावा, लिहिलेले डॉक्टरांना फोनवरच वाचून दाखवावे, औषधाचे नाव संदिग्ध वाटल्यास एकेक अक्षर विचारावे, शक्य असल्यास दुसऱ्या सिस्टरला तोच फोन ऐकवावा, आणि आदेशाची वेळ, डॉक्टरांचे नाव व स्वतःची सही घालावी. चांगल्या रुग्णालयांत अशा आदेशावर २४ तासांच्या आत डॉक्टरांची सही घेण्याचा नियम असतो. तुमच्याकडे तो नसेल तर सकाळच्या राउंडला केसपेपर पुढे करून सही मागण्यात संकोच वाटू देऊ नका. डॉक्टर पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घालतील. तुम्ही रोज न चुकता विचारत आहात हे कळल्यावर ते आपणहून सही करतील.

चूक नेमकी कोठे होते, हे पाहण्यासाठी इन्सुलिनचे उदाहरण घ्या. आपल्याकडे ४० युनिट प्रतिमिली आणि १०० युनिट प्रतिमिली अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन मिळते, आणि दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या असतात. लाल टोपीची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते आणि नारिंगी टोपीची १०० साठी. रात्री दोन वाजता नातेवाइकाने बाहेरच्या मेडिकलमधून १०० ची बाटली आणली आणि ट्रेमध्ये लाल टोपीची सिरिंज पडलेली असली, की २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. पहाटे तो रुग्ण घामाने ओला झालेला आणि हाकेला ओ न देणारा आढळतो. हे टाळण्यासाठी बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग एकमेकांशी ताडून पाहणे एवढेच करायचे असते, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय इन्सुलिन टोचायचे नाही हा नियम दोघींनी आपसात ठरवायचा असतो. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूलच्या (इंजेक्शनच्या छोट्या बंद कुपीच्या) बाबतीत नियम याहून कडक आहे. ते पातळ केल्याशिवाय, थेट शिरेतून, कोणीही कितीही घाईने सांगितले तरी द्यायचे नाही, कारण त्याने हृदय जागच्या जागी थांबते. ती अँप्यूल इतर औषधांच्या ट्रेमध्ये ठेवूच नये.

सलाइनचेही तसेच. ‘आठ तासांत पाचशे मिली’ असा आदेश असेल आणि सलाइनच्या नळीच्या सेटवर एका मिलीला २० थेंब असे छापलेले असेल, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब बसतात. तीच सलाइन ६० थेंबांच्या मायक्रो सेटने लावली तर मिनिटाला ६२-६३ थेंब लागतात. हा हिशेब न करता नुसत्या अंदाजाने थेंबांचा वेग ठरवणारा रोलर फिरवणाऱ्या सिस्टर अनुभवी समजल्या जातात. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाबाबत मला तो अनुभव नको आहे.

आता तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्याकडे येते, कारण तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुस्तकातले वॉर्डात येते ते निरीक्षणातून. पोटाची शस्त्रक्रिया होऊन आलेल्या, साठ किलो वजनाच्या एका रुग्णाची रात्रीची नोंद अशी आहे असे समजा : दहा वाजता नाडी ८८, रक्तदाब १२६/८०, बारा वाजता नाडी १०४, रक्तदाब ११८/७८, दोन वाजता नाडी १२०, रक्तदाब १०६/७४. लघवीच्या पिशवीत दर तासाला तीस मिली तरी जमायला हवी, तेथे गेल्या दोन तासांत मिळून पंचवीस मिली जमली आहे. रुग्ण सारखा कूस बदलतो, पाणी मागतो, नातेवाईक म्हणतात, ‘त्यांना नुसती बेचैनी वाटतेय.’ ड्रेनमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागेतून रक्त व द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत, फारसे रक्त दिसत नाही. यांतला एकेक आकडा एकटा पाहिला तर नवख्या परिचारिकेला फार घाबरण्यासारखा वाटणार नाही, रक्तदाब तर बघायला ‘नॉर्मल’च आहे. परंतु तिन्ही नोंदी ओळीने वाचणाऱ्या परिचारिकेला आत रक्तस्राव होत असावा अशी शंका आली पाहिजे, कारण रक्तदाब कोसळण्याआधी नाडी वाढते आणि ड्रेन गुठळीने बंद झालेला असू शकतो. तीच नोंद ‘रुग्ण अस्वस्थ, धीर दिला’ अशी लिहून ठेवणारीही परिचारिका असते.

अशा वेळी डॉक्टरांना फोन करताना ‘सर, पेशंट बरा वाटत नाहीये’ असे म्हटले तर ‘सकाळी बघू’ हेच उत्तर मिळते. म्हणून आधी चार्ट हातात घ्यावा आणि एका दमात सांगावे : ‘सर, वॉर्डातून सिस्टर बोलतेय. दुपारी ऑपरेशन झालेले सात नंबरचे पेशंट. चार तासांत नाडी ८८ वरून १२० झाली आहे, बीपी उतरतोय, दोन तासांत लघवी फक्त पंचवीस. मला आतून ब्लीडिंगची शंका येतेय. आपण आत्ता येऊन बघावे.’ शेवटचे वाक्य बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असे नव्या मुलींना वाटते. तो अधिकार आहे आणि ते कर्तव्यही आहे. डॉक्टर आले नाहीत तर रात्रीच्या सुपरवायझरला, त्यानंतर वरिष्ठ डॉक्टरांना कळवावे आणि प्रत्येक फोनची वेळ नर्सिंग नोट्समध्ये लिहावी. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असे वॉर्डात म्हणतात आणि चौकशीतही तसेच धरले जाते. उलट बाजूने सांगायचे तर न केलेले लिहू नये. सहा वाजताचे तापमान चार वाजताच भरून ठेवण्याची सवय फार लवकर लागते आणि जाता जात नाही.

दोघींवर चोवीस रुग्ण, याविषयी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला स्वतंत्र परिचारिका असावी. तुमचे प्रमाण बारास एक आहे. हे प्रमाण तुम्ही एकट्याने बदलू शकणार नाही, पण ज्या रात्री गंभीर रुग्ण जास्त असतील त्या रात्री ड्यूटी सुरू होतानाच ‘एवढे रुग्ण, त्यांपैकी एवढे गंभीर, एवढ्याच परिचारिका’ असे लेखी कळवून त्याची प्रत जवळ ठेवावी. आणि सकाळी ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांचा ताबा, देताना तो काउंटरवर न देता प्रत्येक खाटेजवळ जाऊन द्यावा. सलाइनची बाटली, ड्रेन, कॅथेटर, पाठीवरची त्वचा दोघींनी मिळून पाहावी. घरी जाण्याची घाई असतानाही हे करावे, कारण आठ वाजून दहा मिनिटांनी काही घडले तर ते कोणाच्या वेळेत घडले हा वाद उरत नाही.

प्रश्न : रुग्णालयाने रुजू होताना माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आहेत आणि पगार हातात येतो तो सांगायची लाज वाटावी इतका. याला काही नियम आहे की नाही?
(एक परिचारिका, नाशिक)

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले. त्या समितीच्या शिफारशी अशा होत्या : २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन असावे, १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी ते त्याहून फार तर १० टक्के कमी असावे, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्के कमी असावे, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी महिन्याला २० हजारांच्या खाली कोठेही नसावे. केंद्राने त्या राज्यांकडे पाठवल्या. त्या शिफारशी आहेत, थेट वसूल करता येणारा हक्क नाही, म्हणूनच आजही त्या बहुतेक ठिकाणी कागदावर आहेत. तरीही पगारवाढीचा अर्ज करताना त्यांचा उल्लेख जरूर करावा, आणि तो अर्ज एकटीने करण्यापेक्षा वॉर्डातील सर्वांनी मिळून करावा.

मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ परत घ्यावीत. एकदा दिली असल्यास रुग्णालयाकडून पोच लेखी घ्यावी आणि परत मागण्याचा अर्ज आवक क्रमांकासह द्यावा. नोंदणी प्रमाणपत्र हा तुमच्या नावाचा दस्तऐवज आहे, तो मालकाकडे तारण ठेवण्याची वस्तू नाही.

प्रश्न : मुले लहान असल्यामुळे आठ वर्षे घरी होते. नोंदणीची मुदत संपून गेली आहे. आता परत काम करता येईल का?
(एक वाचक, रत्नागिरी)

येईल. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे ठरावीक तास भरलेले दाखवावे लागतात. कार्यशाळा, परिषदा आणि मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रम त्यात धरले जातात. राहिलेले तास आणि विलंबशुल्क यांचा हिशेब महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून घ्यावा आणि नूतनीकरण हातात आल्याशिवाय रुजू होऊ नये. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आधार, नोंदणी आणि शैक्षणिक कागदपत्रांवरील नावे आधी जुळवून घ्यावीत, कारण अर्ज अडकण्याचे ते नेहमीचे कारण आहे. कागदांपेक्षा जास्त वेळ हाताला लागेल. पहिले काही आठवडे अतिदक्षता विभाग मागू नये. सर्वसाधारण वॉर्डात राहून नवे इन्फ्युजन पंप आणि संगणकावरच्या नोंदी शिकून घ्याव्यात. रुग्णाशी बोलण्याची आणि घाबरलेल्या नातेवाइकाला शांत करण्याची तुमची हातोटी या आठ वर्षांत वाढलेलीच असेल, असे माझे अनेक परतलेल्या मैत्रिणींकडे पाहून मत झाले आहे.

प्रश्न : एजंट म्हणतो, चार महिन्यांत इंग्लंड किंवा जर्मनीला पाठवतो, भाषा नंतर शिका. मला दोन वर्षांचा अनुभव आहे. विश्वास ठेवावा का?
(एक परिचारिका, नागपूर)

‘भाषा नंतर शिका’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावे. इंग्लंडच्या नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषणात प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात, किंवा आरोग्यसेवकांसाठीची ओईटी परीक्षा द्यावी लागते. त्याखेरीज संगणकावरची एक परीक्षा आणि तेथे पोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा असते. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवण्यासाठी साधारणतः बी-टू पातळीची, म्हणजे कामावर सहज बोलता-लिहिता येईल इतकी, जर्मन लागते, आणि ती शून्यापासून चार महिन्यांत येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे, तेव्हा खासगी एजंटाआधी तेथे चौकशी करावी. आखाती देशांत दोन वर्षांचा अनुभव बहुधा मागतात. त्याच्याबरोबर प्रोमेट्रिक ही परवान्यासाठीची संगणकावरील परीक्षा आणि डेटाफ्लो ही कागदपत्रांची पडताळणी असते, जिच्यात तुमचे महाविद्यालय, परिषद आणि पूर्वीचे रुग्णालय यांना थेट विचारले जाते. पगाराशिवाय काढलेला किंवा फुगवलेला अनुभव-दाखला तेथे उघडा पडतो आणि त्या देशाची दारे पुढे बंद होतात.

एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत आहे का, हे पाहावे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून कर वगळता ३० हजार रुपयांहून अधिक घेता येत नाहीत, त्यामुळे लाखांची भाषा सुरू झाली की समजून घ्यावे. आणि हातची नोकरी व्हिसा पासपोर्टवर उमटेपर्यंत सोडू नये.

प्रश्न : माझी नोंदणी महाराष्ट्राची आहे. लग्नानंतर सावंतवाडीहून म्हापशाला जाणार आहे. गोव्यात हीच नोंदणी चालते का?
(एक परिचारिका, सिंधुदुर्ग)

गोव्याची स्वतंत्र परिचर्या परिषद आहे आणि तेथे काम करण्यासाठी तिच्याकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून ना-हरकत आणि पडताळणी मिळवावी लागते. हे कागद एका परिषदेकडून दुसऱ्या परिषदेकडे जायला वेळ लागतो, म्हणून लग्नाच्या आधीच अर्ज करावा आणि तोपर्यंत महाराष्ट्रातील नोंदणीची मुदत संपू देऊ नये. खासगी रुग्णालयात एवढे पुरते. गोवा शासनाच्या भरतीसाठी मात्र साधारणतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागतात, मराठी येणे हे तेथे इष्ट धरले जाते. सावंतवाडीची असल्यामुळे कोकणी तुम्हाला परकी वाटणार नाही, पण वास्तव्याच्या अटीमुळे शासकीय नोकरीचा विचार करायचा असेल तर जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा.